समईच्या वर भिंत काळी का पडते

डिसेंबरात भाचीने जर्मनीहून व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. पांढरी भिंत, तिला टेकून पत्र्याचा रेडिएटर, आणि त्याच्या डोक्यावरून भिंतीवर चढत गेलेले काळे-करडे फराटे. खाली गडद, वर जाता जाता विरळ. खाली तिचा प्रश्न : ‘मामा, मी इथे साधी उदबत्तीसुद्धा लावत नाही. मग भिंत आजीच्या देवघरासारखी कशी झाली?’

माझं काम घरदुरुस्तीचं. ओल, गळती, पोपडे, रंग. नाशिकमध्ये रेडिएटर म्हटला की गाडीचाच, त्यामुळे घरातल्या रेडिएटरशी माझा कधी संबंध आला नव्हता. पण ‘देवघरासारखी’ हा शब्द तिने अगदी नेमका वापरला होता. दोन्ही भिंतींवर जे घडतं ते एकच आहे, आणि ते नीट कळलं की डाग कसा काढायचा, मुख्य म्हणजे परत कसा येऊ द्यायचा नाही, हे आपोआप कळतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तिकडच्या यंत्राबद्दल थोडं. बॉयलरमध्ये तापवलेलं पाणी पाइपांतून घरभर फिरतं आणि प्रत्येक खोलीत एका पोकळ, चपट्या लोखंडी पेटीतून जातं. ती पेटी म्हणजे रेडिएटर. हात जेमतेम ठेवता येईल इतकी ती तापते. तिला ना ज्योत, ना धूर. म्हणजे काळं तिच्यातून बाहेर पडत नाही. मग येतं कुठून? खोलीतूनच. कपड्यांचे तंतू, रस्त्यावरून आलेली धूळ, तळणाची वाफ, मेणबत्तीची काजळी हे सगळं हवेत आधीपासूनच तरंगत असतं. रेडिएटर ते फक्त वर उचलून नेतो.

उचलतो कसा, ते सोपं आहे. तापलेली हवा फुगते आणि हलकी होते. समुद्रसपाटीला वीस अंशाची एक घनमीटर हवा साधारण १.२ किलो भरते. तीच साठ अंशाला १.०६ किलोच्या आसपास येते. फरक किरकोळ वाटतो, पण तेवढ्यावर रेडिएटरच्या मागून आणि मधून हवेचा एक झरा सतत उलटा, वरच्या दिशेने वाहत राहतो. खालून फरशीलगतची धूळभरली गार हवा ओढली जाते, वर गरम होऊन बाहेर पडते, आणि भिंत चाटत छताकडे जाते. हिवाळाभर, चोवीस तास. एकेका फेरीत धूळ नगण्य असते, पण फेऱ्या मोजायला गेलात तर संपायच्या नाहीत.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. खरी गंमत पुढे आहे. हवा भिंतीजवळून गेली म्हणून धूळ भिंतीला चिकटलीच पाहिजे असं कुठे आहे? पंख्याखालून दिवसभर हवा वाहते, तिथली फरशी काही काळी होत नाही.

याचं उत्तर माझ्या आजीच्या हातात होतं, फक्त तिने ते कधी सांगितलं नाही. पंचवटीतल्या आमच्या वाड्यात ती घरीच काजळ धरायची. तुपाचं निरांजन पेटवून दोन विटांच्या मध्ये ठेवायचं. विटांवर तांबट लेनमधून आणलेली तांब्याची वाटी पालथी घालायची. वाटीच्या पाठीवर ओलं फडकं. मधून मधून ती त्या फडक्यावर पाण्याचा शिपका द्यायची. रात्री लावलेलं निरांजन विझलं की सकाळी वाटी उलटी करायची. आत मखमलीसारखा काळाभोर थर. बोट लावलं की उठायचा, फुंकर मारली तर उडायचा. मी एकदा विचारलं, ‘फडकं कशाला गं?’ ती म्हणाली, ‘वाटी तापली तर काजळ धरत नाही.’

वाटी तापली तर काजळ धरत नाही. भौतिकशास्त्रात याला थर्मोफोरेसिस म्हणतात. हवेत तरंगणारा सूक्ष्म कण गरम बाजूकडून गार बाजूकडे ढकलला जातो. इंग्लंडमध्ये जॉन टिंडाल यांनी १८७० मध्ये प्रकाशाच्या झोतात धुळकट हवा पाहताना एक चमत्कारिक गोष्ट टिपली. झोताखाली गरम वस्तू धरली की तिच्यावरून उठणारी हवा काळी दिसायची, म्हणजे तिथे उजळून दिसायला धूळच उरत नव्हती. पुढे १८८० च्या दशकात स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनी प्रयोग करून दाखवलं की गरम पृष्ठभाग धुळीला दूर ढकलतो आणि गार पृष्ठभागावर ती येऊन बसते.

कारण समजायला रंगपंचमी आठवा. नाशिकच्या तिवंधा चौकातली रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा हौद, भोवती गर्दी. समजा एका काठावरून पोरं धपाधप धप्पे, म्हणजे उड्या, मारतायत आणि समोरच्या काठावर सामसूम आहे. मध्ये एक चेंडू तरंगतोय. तो हळूहळू कुठे जाईल? सामसूम काठाकडे. हवेतल्या कणाचं तसंच. गरम बाजूचे हवेचे रेणू जोरात आदळतात, गार बाजूचे हळू. दोन्हीकडून धक्के बसतात, पण जमाखर्चात कण गार बाजूला सरकतो. भिंत गार, तिला लागून जाणारी हवा गरम, आणि मधल्या काही मिलिमीटरमध्ये हा सगळा खेळ. कण एकदा भिंतीला टेकला की रंगाच्या खरखरीत पृष्ठभागात अडकतो, आणि मग पुढच्या कणाला टेकायला जागा होते.

थोडक्यात, समईच्या वरची भिंत ही पालथी वाटी आहे आणि भाचीच्या रेडिएटरवरची भिंतही तीच. फरक एवढाच की समई माल स्वतः तयार करते, रेडिएटर खोलीतला गोळा करतो.

हे एकदा डोळ्यांना कळलं की घरभर दिसायला लागतं. पट्टीवर बसवलेल्या जुन्या ट्यूबलाइटच्या वर एक धुरकट पट्टा असतो, चोकच्या डोक्यावर सगळ्यात गडद. मागे काळी जाळी असलेला जुना फ्रिज हलवला की भिंतीवर त्याच्या रुंदीचा करडा आयत. इन्व्हर्टरच्या वर, सेट टॉप बॉक्सच्या वर, रात्रभर जळणाऱ्या झिरोच्या दिव्यावर. वाड्यांमध्ये तर चुलीच्या वरची भिंत अशी होती की पोरं खिळ्याने तीवर नावं कोरायची.

आमच्याकडे हिवाळ्यात हे जास्त होतं, असं मी दरवर्षी बघतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा बऱ्याचदा दहाच्या खाली जातो, निफाडचा त्याहून खाली. बाहेरची भिंत रात्रभर गार पडलेली, पहाटे समई लागलेली, आणि थंडी म्हणून खिडक्या बंद. एका सोसायटीत तर देवघराच्या वर काळा डाग नुसता पसरला नव्हता, त्यात एक सरळ आडवा पट्टा जास्त गडद होता. घरच्यांना वाटलं, आतून काहीतरी पाझरतंय. तो आरसीसी बीम होता. काँक्रीटमधून उष्णता विटेपेक्षा लवकर बाहेर जाते, म्हणून थंडीत बीमची आतली बाजू शेजारच्या विटकामापेक्षा गार असते, आणि जास्त गार तिथे जास्त काजळी. प्लास्टरखाली लपलेला बीम काजळीने आयताच आखून दाखवला होता.

आणि हवेत मालही कमी नाही. २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्यातल्या हवेचे निकष न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत नाशिक आहे. त्यात २०२७ च्या सिंहस्थाची तयारी म्हणून रस्ते उकरलेले. ही धूळ खिडकीतून येते, तिची काही पावती मिळत नाही.

आता कामाचं. डाग बघून थेट पेंटरला फोन करू नका. आधी तो कसला आहे ते ठरवा, कारण काजळी, बुरशी आणि लोणा या तिघांची औषधं वेगळी आहेत आणि एकाचं दुसऱ्याला दिलं तर पैसे पाण्यात.

काजळीचा डाग नेहमी कशाच्या तरी वर असतो, म्हणजे दिवा, फ्रिज, शेगडी. कोरडं पांढरं फडकं हलक्या हाताने फिरवलं की काळं उतरतं. बुरशी कोपऱ्यात, कपाटामागे, बाथरूमच्या भिंतीच्या उलट बाजूला ठिपक्याठिपक्यांनी येते आणि कुबट वास देते. शंका असेल तर एका कोपऱ्यात ब्लीचचा थेंब लावा. दोनेक मिनिटांत ठिपका फिका पडला तर बुरशी. काजळी म्हणजे कार्बन, तिला ब्लीच काही करत नाही. (ब्लीच आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीच एकत्र आणू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.) लोणा मात्र पांढरा असतो, पिठासारखा फुगून येतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. तो क्षार आहे, भिंतीत पाणी आहे याची खूण. पश्चिमेच्या भिंतींना पावसाळ्यानंतर हे फार. भिंतीत ओल आहे का हे बघायला एक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून भिंतीवर दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव धरलं तर पाणी भिंतीतून येतंय.

दोन डाग असे आहेत की जिथे फडकं हातात घ्यायचंच नाही. पहिला, स्विचबोर्डाच्या किंवा प्लगच्या वर-भोवती आलेला तपकिरी-काळा डाग. आतलं कनेक्शन सैल होऊन तापतंय. मेन बंद करा, इलेक्ट्रिशियन बोलवा. दुसरा, गॅस गिझरच्या वर किंवा त्याच्या झाकणावर आलेली काजळी. गॅसची ज्योत नीट निळी जळत असेल तर ती काजळी सोडत नाही. काजळी आली म्हणजे ज्वलन अर्धवट होतंय, आणि अर्धवट ज्वलनातूनच कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद बाथरूममध्ये माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. अशी भिंत दिसली तर गिझर त्या क्षणी बंद करायचा आणि दुरुस्त होईपर्यंत पाणी शेगडीवर तापवायचं. यात मी कुणाचं ऐकून घेत नाही.

बाकी काजळी कशी काढायची? पहिली चूक सगळे एकच करतात. ओलं फडकं. काजळीचा एकेक कण नॅनोमीटरमध्ये मोजावा लागतो, केसाच्या जाडीत असे दोनेक हजार शेजारी शेजारी बसतील. पाणी लागलं की त्याची शाई होते आणि रंगाच्या छिद्रांत मुरते. जुन्या काळी काजळीपासूनच शाई करत, हे विसरू नका.

म्हणून आधी कोरडं. मऊ ब्रश लावलेला व्हॅक्यूम क्लीनर भिंतीला न घासता फिरवा. नसेल तर नवा, मऊ पेंटिंग ब्रश. मग पाव. चेष्टा नाही. मिसळीबरोबर आलेला जास्तीचा पाव (नाशिकमध्ये तो कुणाकडे नसतो?) एक दिवस शिळा होऊ द्या, कडा काढा, आतला मऊ भाग भिंतीवर वरून खाली टेकवत ओढा. घासायचं नाही. काळा झाला की तेवढा तुकडा टाकून नवा भाग घ्या. पिठाचा चिकटपणा कण उचलतो आणि पाणी मात्र लागत नाही. अमेरिकेत कोळशाच्या शेगड्यांच्या काळात वॉलपेपरवरची काजळी काढायला असाच कणकेसारखा गोळा डब्यात विकत मिळायचा. कोळसा गेला तशी मागणी गेली, आणि तोच गोळा थोडा बदलून १९५६ पासून मुलांचं खेळणं म्हणून विकायला लागले. त्याचं नाव प्ले-डो. तुमच्या नातवंडांच्या खेळण्यात तो असेल.

कोरडं काम झाल्यावर जे उरतं त्याला पाणी, तेही भिंतीवरचा रंग बघून. चुन्याची सफेदी असेल तर धुऊच नका, ब्रश मारून नवा हात द्या. डिस्टेंपर जोर लावला की फडक्यावरच येतो. प्लास्टिक इमल्शन धुता येतं. बादलीभर कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचं लिक्विड, स्पंज पिळून घ्या आणि खालून वर पुसत जा. उलटं वाटतं, पण वरून सुरुवात केली तर काळे ओघळ खालच्या कोरड्या भिंतीवर उतरतात आणि त्यांचे डाग मूळ डागापेक्षा हट्टी असतात.

रंग द्यायचाच असेल तर पेंटरशी एक भांडण ठरलेलं आहे. मागच्या वर्षी आमच्याच घरात झालं.

‘साहेब, दोन हात जास्त मारतो. झाकून जाईल.’

‘नाही झाकत, दादा. आधी ऑइल प्रायमर लाव.’

‘इमल्शनखाली ऑइल कोण लावतं? पुट्टी भरली की संपलं.’

मी दुसऱ्या साइटवर होतो, त्याने पुट्टी भरली. तीन आठवड्यांत पिवळट सावली वर आली. काजळीबरोबर भिंतीत तेलकट, डांबरासारखा भागही मुरलेला असतो. पाण्याचा रंग लावला की तो त्यात विरघळून वर येतो. पाण्याचे हात कितीही मारा, तो येतच राहतो. त्याला अडवायला मध्ये पाण्यात न विरघळणारा थर हवा, म्हणजे ऑइल बेस्ड प्रायमर किंवा लाखेचा, म्हणजे शेलॅकचा. तो पूर्ण वाळू द्यायचा, पॉलिश पेपर हलका फिरवायचा, मग इमल्शन. त्या पेंटरने दुसऱ्यांदा तसं केलं आणि मजुरीही दुसऱ्यांदा घेतली.

पण इतकं करूनही समई तिथेच, तशीच लावली तर पुढच्या दिवाळीला डाग हजर. वाटी बदलली तरी निरांजन खाली आहेच ना.

समईपुरतं बोलायचं तर वातीपासून सुरुवात करा. ज्योतीचा पिवळा भाग म्हणजे तापून उजळलेले काजळीचेच कण. वात बेताची असेल तर ते शेंड्यापर्यंत जाताना जळून संपतात. वात लांब काढली की तेल जास्त येतं, हवा कमी पडते, ज्योतीचा शेंडा लालसर होतो आणि त्यातून काळा दोरा निघतो. तो दोराच तुमच्या भिंतीवर बसतो. म्हणून वात आखूड, तिच्यावर काजळी धरली की ती झाडायची. पंखा बंद, कारण फडफडणारी ज्योत स्थिर ज्योतीपेक्षा जास्त काजळते. पूजा झाली की खिडकी थोडी उघडायची. आणि समई भिंतीपासून शक्य तितकी पुढे. ज्योतीवरची गरम हवा वर जाताना आजूबाजूची गार हवा ओढून घेते आणि पसरते. भिंतीला उशिरा गाठली तर तोवर निवलेली, विरळ झालेली असते. ती कुठून जाते ते बघायचं असेल तर समईशेजारी उदबत्ती लावून तिच्या धुराची रेघ बघा.

भाचीला मी तीन गोष्टी सांगितल्या. रेडिएटरच्या आतल्या पन्हाळ्यांमधली धूळ थंडी सुरू व्हायच्या आधी काढायची. वर एक फळी बसवायची, रेडिएटरपेक्षा थोडी पुढे आलेली, आणि तिच्या मागे भिंतीशी फट अजिबात ठेवायची नाही, नाहीतर हवा त्या फटीतूनच वर जाते. आणि तिसरं विचारलं, ‘घर नुकतं रंगवलंय का?’ हो, ऑगस्टमध्ये रंग आणि नवं व्हिनाइल फ्लोअरिंग. जर्मनीत १९९० च्या दशकापासून असे किस्से नोंदले गेलेत. घर नवं केलं, पहिलाच हिवाळा आला आणि काही आठवड्यांत भिंती काळ्या. तिथल्या पर्यावरण खात्याने त्याचा अभ्यास केला. तिकडे त्याला फॉगिंग म्हणतात. नव्या रंगातून, फ्लोअरिंगमधून, प्लास्टिकमधून काही तेलकट रसायनं सावकाश हवेत उडत राहतात, गार भिंतीवर त्यांची पातळ साय धरते आणि धूळ तीवर चिकटते. आपल्या स्वयंपाकघरात फोडणीची वाफ जे करते तेच. उपाय रुक्ष आहे : खिडक्या पूर्ण उघडून दिवसातून दोन-तीनदा हवा बदलायची, मेणबत्त्या काही महिने बंद. तिने सगळं ऐकून विचारलं, ‘आणि पाव कुठला, मामा? इथे शंभर प्रकार मिळतात.’ मी म्हटलं, सगळ्यात स्वस्त, पांढरा, मऊ.

आमच्या घरी देवघर हलवायला आईने नकार दिला. ईशान्य कोपरा सोडायचा नाही, विषय संपला. मग समईच्या वर, भिंतीपासून चार बोटं पुढे, दोन कंसांवर तांब्याची एक ताटली आडवी बसवली. हवेने भिंतीला जायच्या आधी तिला भेटावं म्हणून. महिन्याने ती उतरवली. भिंत स्वच्छ, ताटलीच्या पोटाला मखमली काळा थर. मी ती धुवायला निघालो तर आईने हातातून घेतली, बोटाने थोडं उचलून उजेडात धरलं आणि विचारलं, ‘एवढं चांगलं काजळ टाकून देणार होतास?’